दुखायची थांबलेली दाढ

रात्री सव्वादहाच्या सुमारास, आमच्या औषधाच्या दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलेलं असताना जे गिऱ्हाईक येतं, त्याचा एक हात बहुतेक वेळा गालावर असतो. दाढेचं दुखणं दिवसभर कसंबसं सोसता येतं आणि रात्री आडवं झालं की सोसवत नाही, म्हणून ही माणसं नेमकी त्याच वेळेला येतात. कुणी मला दीदी म्हणतं. मराठी घरातलं असलं तर ताई नाहीतर काकू. मागणी मात्र ठरलेली: “ताई, दाढ ठणकतेय, एक डोस बांधून द्या ना.”

डोस म्हणजे तीन गोळ्यांची कागदी पुडी. एक दुखण्याची गोळी, एक अँटिबायोटिक आणि पोटात जळजळू नये म्हणून एक ॲसिडिटीची कॅप्सूल. इंदूरला सुदामानगरात आमचं मेडिकल आहे. मी फार्मसिस्ट आहे आणि २२ वर्षं त्या काउंटरमागे उभी आहे. पहिली काही वर्षं अशा पुड्या मीही बांधून दिल्या. शेजारच्या गल्लीतल्या एका काकांना चार महिन्यांत तीन वेळा दिली. दर वेळी ते दोन दिवसांनी येऊन सांगायचे, “एकदम आराम पडला.” चौथ्या वेळी त्यांचा मुलगा धावत आला. काकांच्या जबड्याखाली मानेपर्यंत सूज आली होती, थुंकी गिळता येत नव्हती, जीभ वर उचलली गेली होती. त्यांना रातोरात ॲडमिट करावं लागलं. ते वाचले, पण त्या तीन पुड्या माझ्या हातच्या होत्या हे मी विसरलेले नाही. तेव्हापासून मी पुडी बांधत नाही. का बांधत नाही, हे काउंटरवर दोन मिनिटांत सांगता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

दात वरून दगडासारखा दिसतो, पण आतून तो जिवंत असतो. सगळ्यात वर इनॅमल, आपल्या शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. त्यात संवेदना नसते आणि एकदा झिजलं किंवा किडलं की ते पुन्हा उगवत नाही. त्याच्या खाली डेंटिन, जरा मऊ आणि असंख्य बारीक नळ्यांनी भरलेलं. आणि मधोमध एक पोकळी, तिच्यात रक्तवाहिन्या नि मज्जातंतू. तिला डॉक्टर पल्प म्हणतात, आपण ‘नस’ म्हणतो. या पोकळीला बाहेर जायची वाट मुळाच्या टोकाशी असते, सुईच्या अग्राएवढी.

आता समजा बोटाला काटा लागून बोट सुजलं. कातडी ताणते, सुजेला जागा मिळते. दातातल्या नसेला सूज आली तर जागा कुठून मिळणार? चारी बाजूंनी कठीण भिंती. आत रक्त वाढतं, दाब वाढतो आणि नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर कळ उठते. ठणकणं म्हणतात ते हेच. आडवं झालं की डोक्याकडे जाणारं रक्त आणखी वाढतं, म्हणून दाढ रात्रीच जागी होते. अशा रात्री दोन उशा घेऊन डोकं उंच ठेवलं तर थोडं बरं वाटतं, त्याचंही कारण हेच.

किडीचा प्रवास कुठवर आलाय हे दुखण्याच्या जातीवरून बरंचसं ओळखता येतं. गार पाणी लागलं, चमक आली आणि काही सेकंदांत गेली, तर नस अजून वाचण्याजोगी असते. त्या वेळी कीड साफ करून सिमेंट भरलं की बहुतेकदा काम होतं. कळ मिनिटं-मिनिटं रेंगाळायला लागली, काही न खातापिताही मध्यरात्री जाग यायला लागली, तर ती नस आता सावरत नाही. याच टप्प्याच्या शेवटी एक विचित्र गोष्ट घडते. सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, गरम गराडूचा (तळलेल्या कंदाचा) तुकडा तोंडात टाकला की जीव जातो आणि गार शिकंजीचा घोट धरून ठेवला की बरं वाटतं. गारानं बरं वाटतंय म्हणून माणूस निर्धास्त होतो. खरं तर आता रूट कॅनाल करा किंवा दाढ काढा, एवढ्याच दोन वाटा उरलेल्या असतात.

आणि मग एक दिवस दुखणं थांबतं.

सगळा घोटाळा या थांबण्यात आहे. नस मेली म्हणून दुखायचं थांबलं. अलार्म वाजत होता, त्याची तार जळाली. घरातली आग तशीच आहे. मेलेल्या नसेत जंतू आरामात वाढतात, मुळाच्या टोकातून हाडात उतरतात आणि तिथे आठवडे, कधी महिने, काहीही न जाणवता पू साठत राहतो. त्या आठवड्यात पेशंटनं जी गोळी घेतलेली असते, तिला सगळं श्रेय मिळतं. पुढच्या वेळी तो तीच गोळी नाव घेऊन मागतो, शेजाऱ्यालाही सांगतो. काकांच्या ‘आरामा’चा अर्थ मला फार उशिरा कळला.

अँटिबायोटिकबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण पुडीतली सगळ्यात चुकीच्या जागी पडलेली गोळी तीच आहे. पोटात गेलेलं औषध दुखऱ्या जागी पोचतं ते रक्तातून. मेलेल्या नसेत रक्त जातच नाही. म्हणजे जंतू ज्या खोलीत बसलेत, त्या खोलीचा रस्ताच बंद आहे आणि आपण रस्त्यावर शिपाई उभे करतोय. आणि नस अजून जिवंत असून नुसती सुजली असेल, तर ती कळ सुजेच्या दाबाची असते, अँटिबायोटिक तो दाब कमी करत नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनातही हेच आहे: एरवी धडधाकट असलेल्या मोठ्या माणसाच्या बहुतेक दातदुखीत अँटिबायोटिक देऊ नये, दातावर उपचार करावेत. चेहऱ्यावर सूज पसरत असेल, ताप असेल, अंग मोडून आलं असेल तेव्हा ते लागतं. पण तेव्हाही पू बाहेर काढणं, दात उघडणं किंवा काढणं हा मुख्य उपचार. गोळी त्याच्या जोडीला.

मग आराम कशानं पडतो? पुडीत शेजारी बसलेल्या दुखण्याच्या गोळीनं.

शिवाय एक डोस, दोन डोस अँटिबायोटिक घेणं ही आणखी वाईट गोष्ट. त्यानं लेचेपेचे जंतू मरतात आणि चिवट उरतात. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या डिसेंबरात नोबेल पारितोषिकाच्या भाषणातच ही भीती बोलून दाखवली होती: उद्या हे औषध कुणालाही दुकानात मिळेल, माणसं अपुरे डोस घेतील आणि जंतूंना त्याची सवय लावतील. पुढच्या वेळी अँटिबायोटिकची स्ट्रिप हातात आली की नीट बघा. डाव्या कडेला उभी लाल रेघ असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध घ्यायचं नाही, असा तिचा अर्थ. दातासाठी मेट्रोनिडाझोल किंवा ऑर्निडाझोल असलेल्या गोळ्या फार मागितल्या जातात. रक्त पातळ करणारी वॉरफॅरिन घेणाऱ्या माणसानं मेट्रोनिडाझोल घेतली तर रक्त गरजेपेक्षा जास्त पातळ होऊन रक्तस्राव होऊ शकतो. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्याला त्याच जातीची अमॉक्सिसिलिन दिली तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको. चिठ्ठी लिहिण्याआधी डॉक्टर हे सगळं विचारतात. रात्री सव्वादहाला अर्ध्या शटरखालून कोण विचारतं?

दुखण्याच्या गोळीला मात्र माझा विरोध नाही. मध्यरात्री तळमळणाऱ्या माणसाला ‘सकाळपर्यंत सोस’ म्हणणं क्रूरपणा आहे. ज्याला दुसरा आजार नाही अशा मोठ्या माणसानं जेवणानंतर आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि जोडीला पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम घेतली तर दातदुखीवर ही जोडी चांगली चालते, एकटीदुकटी गोळी चालते त्याहून चांगली. दोन्ही एकत्र असलेल्या तयार गोळ्याही मिळतात, म्हणून स्ट्रिपच्या मागचं वाचा. नाहीतर तीही घेतली, वरून सर्दीची घेतली, तापाची घेतली, असं करत पॅरासिटामॉल तीन वाटांनी पोटात जाते. दिवसभरात ४ ग्रॅमच्या वर ती कधीच जाता कामा नये, बारीक चणीच्या किंवा लिव्हरचा त्रास असलेल्या माणसासाठी तर मर्यादा याहून बरीच खाली.

आयबुप्रोफेन आणि त्याच्या जातीतल्या गोळ्या काहींनी विचारल्याशिवाय घेऊच नयेत. पोटात अल्सर झालेले, किडनीचा त्रास असलेले, हृदयाचे पेशंट, बीपीच्या गोळ्यांबरोबर लघवी वाढवणारी गोळी घेणारे, दम्याचे काही पेशंट, गरोदर बायका. पावसाळ्यात ताप अंगात असताना दाढ दुखली तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल. आणि पाण्यात विरघळणारी केटोरोलॅकची गोळी, जी आपल्याकडे ‘दातदुखीवाली गोळी’ म्हणून नावानं मागतात, ती मोठ्या माणसाला सगळी मिळून ५ दिवसांच्या वर द्यायची नसते, पोटात रक्तस्राव आणि किडनीला इजा होण्याची भीती असते. मी अशी माणसं पाहिलीत ज्यांच्या शर्टाच्या खिशात ती वर्षभर असते. गोळी रात्र काढायला असते, तिच्यावर वर्ष काढू नका.

आता घरातलं औषध. लवंग आणि इंदूर यांचं नातं मी सांगायला नको, लौंगी शेव आपल्या अंगात भिनलेली आहे. लवंगेत युजेनॉल नावाचं तेल असतं आणि ते खरोखर बधिर करतं. दवाखान्यात शिरल्या शिरल्या जो वास येतो ना, तो त्याचाच. झिंक ऑक्साइडमध्ये युजेनॉल कालवून डॉक्टर तात्पुरतं सिमेंट भरतात. म्हणजे आजीचं लवंगेचं तेल खोटं नव्हतं. पण आजी कापसाच्या इवल्या बोळ्याला थेंब लावून तो खड्ड्यात टेकवायची आणि थोड्या वेळानं काढायची. आता लोक हिरडीवर तेल ओततात, रात्रभर बोळा दाबून झोपतात. शुद्ध युजेनॉल हिरडी भाजतं, सकाळी तिथे पांढरी सोललेली कातडी दिसते. लहान मुलांना तर ते लावूच नका. पोटात गेलं तर थोड्या तेलानंही त्यांच्या लिव्हरला धोका होतो.

ॲस्पिरिनची गोळी दाढेपाशी दाबून धरायची पद्धतही अजून चालू आहे. ॲस्पिरिन आम्ल आहे, ती गाल जाळते आणि तिचं काम होतं ते गिळल्यावर, रक्तातून. लसणाची पाकळी ठेचून बांधली तरी भाजतं. तंबाखूची चिमूट, चुना, बाम यांच्याबद्दल तर बोलायलाच नको. याउलट अर्धा चमचा मीठ घातलेल्या कोमट पाण्याच्या गुळण्या निर्धास्त करा, त्यानं जागा स्वच्छ राहते. सुजलेल्या गालाला मात्र गरम शेक देऊ नका. बाहेरून रुमालात गुंडाळलेला बर्फ लावा, दहा-पंधरा मिनिटं लावायचा आणि काढायचा.

हिरड्यांतून रक्त येतं म्हणून ब्रश बंद करणारी खूप माणसं भेटतात. उलटं आहे. दातांच्या कडेला जमलेल्या थरामुळे हिरडी सुजते आणि रक्त येतं. मऊ ब्रशनं तो थर काढत राहिलं तर रक्त कमी होतं, दगड झाला असेल तर तो डॉक्टरांकडून काढावा लागतो. तुरटीनं रक्त थांबल्यासारखं दिसतं, थर तिथेच असतो. क्लोरहेक्सिडीनचं माउथवॉश चांगलं आहे, पण सांगितलेल्या दिवसांपुरतं. महिनोन्‌महिने वापरलं की दात तपकिरी पडतात आणि चव जाते. हिरडीला वरचेवर गळू येत असेल तर एकदा रक्तातली साखर तपासा. मधुमेह हिरड्या बिघडवतो आणि बिघडलेल्या हिरड्या साखर आटोक्यात येऊ देत नाहीत.

मंजनाबद्दल एवढंच: आपल्या घराघरांतल्या जुन्या बायका मशेरी लावायच्या, ती भाजलेली तंबाखू होती. दात शिवशिवायचे थांबायचे आणि सवय लागायची. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला केंद्र सरकारनं १९९२ मध्येच बंदी केली आहे.

आणि तोंड येणं. इथे मला घाई करायची नाही.

साधं तोंड येतं, जीभ-गालाच्या आत पिवळट मधला भाग नि लाल कड असलेला लहान व्रण, खूप झोंबतो आणि आठ-दहा दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत आपोआप भरतो. त्याला जेल लावलं काय नि न लावलं काय. पण माझ्या दुकानात तोंडात लावायचं मलम सगळ्यात जास्त नेतात ती सुपारी, पानमसाला खाणारी तरुण मुलं. मध्य प्रदेशात गुटख्यावर २०१२ च्या एप्रिलपासून बंदी आहे. पानमसाला आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत विकत मिळतात आणि मुलं त्या तोंडात एकत्र करतात. ती येऊन सांगतात, “दीदी, पोहे खाल्ले तरी तोंड जळतं, बी-कॉम्प्लेक्स द्या.” जिरावण, म्हणजे आमचा इंदुरी मसाला, भुरभुरलेले पोहे लहानपणापासून खाल्लेल्या मुलाला पोहे तिखट लागायला लागले, तर ते व्हिटॅमिनच्या कमतरतेवर ढकलू नका. सुपारीनं गालाच्या आतलं मऊ अस्तर हळूहळू दोरासारखं कडक होत जातं. आधी जळजळ, मग तोंड कमी उघडणं. आरशासमोर उभं राहून स्वतःची तीन बोटं उभी करून दातांमध्ये घालून बघा. तीन जात नसतील, दोनच जात असतील, तर मलम विकत घेण्यात आणखी एक दिवसही घालवू नका. या आजारातून कॅन्सर होऊ शकतो. सुपारीत तंबाखू नसली तरी ती एकटी कॅन्सर करते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २००४ मध्ये छापलेल्या अहवालात सांगितलं आहे. भारतातल्या पुरुषांमध्ये तोंडाचा कॅन्सर सगळ्यात जास्त आढळतो.

त्या मलमांपैकी बऱ्याचशांत स्टेरॉइड किंवा बधिर करणारं औषध असतं. व्रण झोंबायचा थांबतो आणि दाढेचीच गोष्ट पुन्हा घडते. सुरुवातीचा कॅन्सर तर बहुतेकदा दुखतच नाही. म्हणून माझ्याकडे दुसऱ्यांदा तेच मलम मागायला आलेल्याला मी एकच विचारते, “किती दिवस झाले?” दोन आठवड्यांच्या वर झाले असतील, किंवा न खरवडला जाणारा पांढरा-लाल चट्टा असेल, तर मलम देत नाही. त्या मुलाला राग येतो, तो समोरच्या दुकानातून घेतो. मी तरीही देत नाही.

लहानग्यांचे दात येताना हिरडीला लावायच्या जेलबद्दल पालक विचारतात. बेन्झोकेन हे बधिर करणारं औषध असलेलं जेल दोन वर्षांखालच्या मुलाला लावू नका, रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद घटू शकते. सॅलिसिलेट, म्हणजे ॲस्पिरिनच्या जातीचं औषध, असलेलंही नको. स्वच्छ बोटानं हिरडी चोळा, गार केलेली रिंग चावायला द्या, पुरे.

एक इशारा दातांच्या बाहेरचा आहे. जिना चढताना खालचा जबडा दुखतो, बसलं की थांबतो, सोबत घाम किंवा दम लागतो, अशा वेळी दाढ दाखवायला जाऊ नका, हृदय दाखवायला जा. आणि सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखाली मानेकडे सरकत असेल, तोंड उघडेना, गिळता येईना, आवाज घोगरा झाला, श्वासाला त्रास होतोय, यांपैकी काहीही असेल तर सकाळची वाट बघू नका. इंदूरच्या सरकारी एम.वाय. हॉस्पिटलच्या किंवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत तडक जा. काकांचा मुलगा माझ्याकडे आला त्यात जेवढा वेळ गेला, तेवढाही घालवू नका.

खर्चाच्या भीतीनं डॉक्टरांकडे न जाणाऱ्यांना मी एम.वाय. हॉस्पिटलजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयाची वाट दाखवते. खाजगी दवाखान्यापेक्षा तिथे बराच कमी खर्च येतो. रांग असते, सकाळी लवकर जा. जाताना आठवडाभरात घेतलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिपा, बीपी-साखरेच्या चालू गोळ्या आणि कशाची ॲलर्जी असेल तर ती कागदावर लिहून सोबत न्या. दुखणारी दाढ नक्की कोणती हे तुम्हाला सांगता आलं नाही तरी घाबरू नका, नसेला ठणका कळतो, जागा नीट कळत नाही. वरची दुखते आणि खालची वाटते असं पुष्कळदा होतं. डॉक्टर ठोकून, गार लावून, एक्स-रे काढून शोधतील. आणि वाटेत दुखणं थांबलंच, तरी माघारी फिरू नका.